आमच्या शनिवारची उसवणी

आम्ही चौघी साशिको करतो. हे सांगितलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे आपली गोधडीच की?" पूर्वी मी समजावून सांगत बसायची. हल्ली "हो, गोधडीच" म्हणते आणि विषय मिटवते. तसं त्यात खोटंही काही नाही. गडद निळं कापड, जाडसर पांढरा सुती दोरा, लांब सुई आणि साधा धावदोरा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि सगळे दाणे एका मापाचे. जपानी बायका हे फाटके कपडे टिकवायला करायच्या, आपल्याकडच्या वाकळ शिवायच्या. माझी सासू असती तर म्हणाली असती, वाकळंचं टाकं शिकाय जपानला कशाला जायाचं, माळ्यावर चार पडल्यात.

लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या एका बाईंनी मोबाईलवर वर्ग घेतला होता. बाई हजेरी घेताना गाव विचारायच्या. मी सातारा म्हणाले, तर पाठोपाठ एक सांगली निघाली, एक इस्लामपूर, एक लोणंद. आपल्या बाजूच्या म्हणून आम्ही एकमेकींचे नंबर घेतले. वर्ग संपला, बाकीच्या पांगल्या, आम्ही राहिलो. आजही आम्ही एकमेकींना गावावरूनच हाक मारतो. सांगली म्हणजे गणित शिकवून निवृत्त झालेल्या मॅडम, टाके छापल्यासारखे. इस्लामपूरचं घर उसाच्या मळ्यात आहे, आवाज दोन शेतं पलीकडं जाईल असा आणि ताटात वाढताना 'नको' हा शब्द तिला ऐकू येत नाही. लोणंद सगळ्यांत लहान, एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे. आणि साताऱ्याची मी, एका शाळेच्या कचेरीत आयुष्य घालवलेली.

थंडीत एकदा आणि उन्हाळ्यात एकदा आम्ही शनिवार-रविवार इस्लामपूरच्या मळ्यात जमतो. तिथं आमची एक रीत आहे, ती आम्हाला कुणी शिकवलेली नाही. पहिल्याच वर्षी लोणंदच्या रुमालावर एक अख्खं फूल तिरकं गेलं होतं. तिला दिसत होतं, पण कात्री लावायला हात होईना. 'लांबून कळत नाही,' 'धुतल्यावर बसेल,' अशी एकेक कारणं ती काढत होती. शेवटी सांगलीनं रुमाल ओढून घेतला आणि ते फूल उसवून टाकलं. लोणंद आधी रुसली, मग म्हणाली, बरं झालं. तेव्हापासून ठरलं, आपलं आपण उसवायचं नाही. शनिवारी जेवणं झाली की गोल बसायचं, आपलं कापड उजवीकडचीला द्यायचं. तिला जे वाकडं दिसेल ते तिनं उसवायचं. विचारायचं नाही, आणि जिचं कापड आहे तिनं बघायचं नाही. आम्ही त्याला उसवणी म्हणतो. चार संसारी बायका एकमेकींचं केलेलं मोडतात आणि तरी मैत्री टिकते, याचं मला नवल वाटायचं.

गेल्या वर्षी आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हे फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, पहाटे उठून साताऱ्यातल्या चार भिंतींच्या टेकडीवर चालत जाणारे. एका सकाळी दाढी करता करता खाली बसले ते उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. हळूहळू एकेक शब्द परत आला. पाणी. बास. पंखा. दोन शब्द एकापुढं एक येत नाहीत.

माझं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. दाढ काढताना इंजेक्शन देतात, मग गाल हाताला लागतो पण आपला वाटत नाही, तसं काहीसं माझं सगळं अंग झालं. मी त्यांना उठवत होते, धूत होते, भरवत होते, औषधं देत होते. लोक भेटायला यायचे आणि जाताना म्हणायचे, किती धीराची आहेस. धीर कसला डोंबलाचा. मला काही वाटतच नव्हतं. पुण्याहून मुलगा फोनवर रोज सूचना द्यायचा, हे करा, ते करा. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं असं एरवी मी त्याला तोंडावर सुनावलं असतं. तेवढाही जोर नव्हता. मी नुसती 'बरं' म्हणायची. ह्यांचा चेहराही तसाच, कोऱ्या पाटीसारखा. आम्ही दोघं समोरासमोर बसून राहायचो. घरात कुणालाच काही वाटत नाही असं मी धरून चालले होते.

त्या दिवसांत माझ्या हातात एकच कापड होतं. ह्यांच्या गुडघ्यांवर टाकायला म्हणून घेतलं होतं, मध्ये लाटांची नक्षी आणि चारी कडांना सरळ ओळ. एकदा दुपारच्या चहानंतर मी शिवत बसले होते, तर ह्यांनी डावा हात पुढं केला आणि कापड धरलं. सोडेनात. फौजेत बटणं स्वतः लावायची सवय होती, त्याची आठवण झाली असेल. मी सुई त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांत अडकवली, वरून माझा हात धरला. एक टाका पडला. मक्याच्या दाण्याएवढा, तोही तिरपा. त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि दुसरा टाका स्वतः घातला.

मग रोज चहा झाला की कापड. कडेच्या खडूच्या रेघेवर ते टाके घालत. कधी दोन, कधी तीन, कधी सुई नुसती टोचून काढलेली. रेघ सरळ आणि टाके दारू पिऊन निघाल्यासारखे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, चेंडू दाबायला दिला तर फेकून देतात, हे मात्र मागून घेतात, चालू ठेवा. वर्षभरात त्यांनी स्वतः मागून घेतलेली ती एकच गोष्ट होती. हिवाळ्यातल्या आमच्या शनिवारच्या आदल्या दिवशी ती कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरी झाली. त्यांनी अख्ख्या ओळीवरून बोट फिरवलं, माझ्याकडं बघितलं आणि कोपऱ्यावरून बोट वळवून दुसऱ्या कडेवर ठेवलं. म्हणजे आता ही. मी म्हणाले, "मला जाऊन येऊ दे, रविवारी चहाला सुरू करू."

मला जायचंच नव्हतं. माझी जाऊ गावाहून आली होती ती ठाण मांडूनच. "जा दोन दिस," ती म्हणाली. "न्हाईतर तूबी पडशील हातरुणाला, मग दोगांचं कोण करनार? भावजींचं मी बगते." कापड मी बरोबर घेतलं, कारण दुसऱ्या कडेजवळच्या लाटा राहिल्या होत्या. त्या भरल्या की त्यांना रविवारी मोकळी कड मिळाली असती.

पेठनाक्यावर एसटीतून उतरले तर इस्लामपूरची जीप उभी होती. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग, हवेत मळीचा वास. घरी बाकीच्या दोघी आल्याच होत्या. तिघींनी मला मिठी मारली, मी मारू दिली. जेवायला वांग्याचं भरीत, भाकरी, काकवी. चव लागली नाही, पण ताट स्वच्छ केलं, कारण इस्लामपूर समोर उभी होती. जेवण झाल्यावर खुर्च्या गोल मांडल्या गेल्या. या वेळी माझं कापड उसवणीला द्यायचं नाही आणि का ते सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पिशवी खुर्चीवर ठेवली आणि तेवढ्यात जावेचा फोन आला, दुपारची गोळी कुठं ठेवलीय म्हणून. आवाज नीट येईना म्हणून मी आतल्या खोलीत गेले. गोळी सापडली, फोन झाला, आणि मी कॉटवर जरा टेकले. कुणीतरी अंगावर शाल टाकली एवढं कळलं.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. दिवसाची अशी झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. बाहेर आले तर तिघी चहाला माझी वाट बघत होत्या. माझ्या उजवीकडं बसणाऱ्या सांगलीनं पिशवीतून काढलेलं माझं कापड घडी करून माझ्या मांडीवर ठेवलं.

"बघ," ती हळूच म्हणाली. "तुझी एक कड पार बिघडली होती. उसवून पुन्हा घालून दिली. तुझं मन थाऱ्यावर नाही, मला कळत नाही का? एरवी आपण नुसतं उसवतो, पण म्हटलं, तुला आता कुठं आणखी काम."

मी घडी उलगडली. कड सुंदर झाली होती. टाका टाक्याला जुळता, कोपरा अगदी काटकोनात. दुपारभर मान मोडून तिनं ते केलं होतं, मी झोपले म्हणून, माझ्यावरच्या मायेनं. मी त्या ओळीकडं बघत राहिले आणि मनात काही येतंय का याची वाट पाहिली. काही आलं नाही.

"ती ह्यांची ओळ होती," मी म्हणाले.

"कुणाची?" लोणंदनं विचारलं.

मग मी सगळं सांगितलं, चहाचं, सुईचं, दुसऱ्या कडेवर ठेवलेल्या बोटाचं. बातम्या वाचाव्यात तशा आवाजात. सांगलीचा चेहरा उतरत गेला. "तू बोलली का नाहीस मला," ती म्हणाली, आणि लगेच, "पण मी विचारलं कुठं." आमच्यात विचारायचं नसतंच. उसवलेल्या दोऱ्याचे तुकडे कुठायत म्हणून तिनं विचारलं, तर इस्लामपूरनं खाली बघून सांगितलं, "केर काडला की गं मगाशीच. चुलीत गेलं." सांगली पदराला डोळे पुसायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. झटका आल्यापासून मी हेच करत आले होते, माझ्या घरावर रडायला येणाऱ्या बायकांची समजूत काढणं. मनात आलं, ही माझ्या वाटणीचं रडतेय आणि वर मीच हिला पाणी द्यायचं. पण आपलेच दात, आपलेच ओठ.

"आसं करूया," इस्लामपूर म्हणाली, "ही वळ काडू आन् परत तशीच वाकडी घालू. त्येन्ला काय कळतंय." तिनं एका चिंधीवर घालूनही बघितलं. एक लांब, एक आखूड, एक तिरपा. मुद्दाम वाकडं घातलेलं ते चांगलंच वाकडं दिसत होतं, पण ह्यांचं नव्हतं. ह्यांच्या प्रत्येक टाक्यात सरळ जायची खटपट होती. "करायला गेलो गणपती आणि झाला मारुती," सांगली म्हणाली, आणि त्यानंतर आमच्यापैकी कुणी सुई हातात घेतली नाही. रविवारी सकाळी ती माझ्याबरोबर साताऱ्याला यायला निघाली होती. मी नको म्हणाले. तिच्यावर दया केली असं तिला वाटलं असेल. मला फक्त एसटीत कुणाशी बोलायचं नव्हतं.

वाटेत मी काय सांगायचं ते जुळवत होते. कापड धुवायला टाकलंय, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण किती दिवस? घरी पोचले तर जाऊ म्हणाली, "आलीस व्हय. दुपारधरनं दाराकडंच बगत्यात."

चहा झाला. त्यांनी डावा हात पुढं केला. मी कापड दिलं.

बोट कडेवर ठेवून त्यांनी झर्रकन ओळीवरून फिरवलं, आदल्या वेळेसारखं. मध्येच थांबले. बोट मागं नेलं, परत पुढं आणलं. मग कापड डोळ्यांजवळ धरून खूप वेळ बघितलं. मी सांगत होते, "आवं, मी नाही, सांगलीच्या मॅडमनी, त्यांना ठाऊक नव्हतं..." त्यांनी कापड माझ्या मांडीवर सरकवलं.

"तुझं," ते म्हणाले, आणि तोंड खिडकीकडं फिरवलं.

सोमवारी मी चहानंतर सुई ओवून पुढं धरली. त्यांनी मान वळवली. मंगळवारीही तेच. चौथ्या दिवशी मी सुई ओवली नाही. व्यायामाच्या बाईंनी चेंडू आणला, तो कॉटखाली गेला. उजवा हात मांडीवर कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा पडलेला असायचा. मी तो उचलून चादर सारखी करत होते आणि मला काही वाटत नव्हतं. एवढं झालं तरी काही वाटू नये याची मात्र मला भीती वाटायला लागली.

सांगली रोज फोन करायची, मी 'बरं आहे' म्हणून ठेवून द्यायची. शुक्रवारी तिनं सरळच विचारलं, "भाऊजी काय म्हणाले ते सांग मला."

"'तुझं' म्हणाले. आणि आता सुईला हात लावत नाहीत," मी म्हणाले. तिला लागावं म्हणूनच म्हणाले.

ती म्हणाली, "उद्या येते." मी नको म्हणायच्या आत तिनं फोन ठेवला.

शनिवारी दुपारी ती आली. हातात मोठी पिशवी होती. घरात आली ती माझ्याशी धड बोललीही नाही, मोढा ओढून ह्यांच्यासमोर बसली. पिशवीतून तिनं आता होणाऱ्या नातवंडाला द्यायचं ठरवलेलं पांघरूण काढलं. आम्ही तिघींनी ते फोटोत पाहिलं होतं. भर निळ्यावर चांदण्याच चांदण्या, एकमेकींना जोडलेल्या, दोन वर्षांचं काम. लेकीचे दिवस भरत आले होते.

"भाऊजी," ती वर्गात बोलावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "आमच्यात एक रीत आहे. आपलं चुकलेलं आपण उसवत नाही, दुसऱ्यानं उसवायचं. माझं इथं चुकलंय. तुम्ही उसवून द्या."

तिनं पांघरुणाचा एक कोपरा त्यांच्या मांडीवर पसरला आणि एका चांदणीवर बोट ठेवलं. मी वाकून बघितलं. तिथं काही चुकलेलं नव्हतं. तिनं दोरा एका जागी कापला, टाक्याखालून सुई कशी घालायची आणि दोरा कसा ओढायचा ते एकदा दाखवलं आणि सुई त्यांच्या डाव्या हातात दिली.

ह्यांनी तिच्याकडं बघितलं. मग चांदणीकडं. मी चहा टाकायला उठणार तेवढ्यात त्यांनी टाक्याखाली सुई घातली आणि तो उचलला. दोरा ओढला. पुढचा उचलला. चांदणीची एक पाकळी गेली, मग दुसरी, मग ती पूर्ण गेली आणि कापडावर भोकांची रांग राहिली.

"झालं हं, एवढंच होतं," मी म्हणाले.

ते थांबले नाहीत. शेजारच्या चांदणीत सुई घातली. दोरा आला नाही तसा हिसका दिला, तुटला, परत घातली. मी कापड धरायला हात पुढं केला, तर सांगलीनं माझं मनगट पकडलं. "अडवू नकोस," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. दोन वर्षांचं काम तिच्या डोळ्यांसमोर फरशीवर पडत होतं आणि ती मोढ्यावर ताठ बसून बघत होती, तिकडं बघायचं नसतं ही आमची रीत मोडून.

तिसरी चांदणी गेली. त्यांचा श्वास मोठा झाला होता, जबडा आवळलेला, कपाळावरची शीर वर आलेली. कापड सारखं सरकत होतं. आणि ते सरकू नये म्हणून त्यांनी उजवी मूठ त्यावर टेकून दाबून धरली होती. व्यायामाच्या बाईंना वर्षभर जो दाब हवा होता तो त्या मुठीत होता. ती मूठ मी ओळखली. घरात काही मनाविरुद्ध झालं की टेबलावर अशीच टेकायची.

ते रागावले होते. सांगलीवर रागावले होते, स्वतःच्या हातावर, आणि सगळ्यांत जास्त माझ्यावर, की त्यांचं काम मी घराबाहेर नेलं आणि दुसरीच्या हाती लागू दिलं. आठवडाभर मी त्यांची चादर सारखी करत होते आणि हा माणूस आतून धुमसत होता. कदाचित वर्षभर. कोरी पाटी मी माझ्या मनानं ठरवली होती, त्यांची कधीच कोरी नव्हती.

मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले. "आवं," मी म्हणाले, "रागवा माझ्यावर. हवं तेवढं रागवा." पुढचं काही बोलता आलं नाही. नाक वाहायला लागलं, हनुवटी हलायला लागली, आणि सांगलीसमोर, जावेसमोर, मी लहान पोरीसारखी मोठ्यानं रडले. त्यांनी वर बघितलं. डोळे लाल होते. मग त्यांनी मुठीनं पांघरुणाची सैल बाजू माझ्याकडं ढकलली.

"धर," ते म्हणाले.

मी दोन्ही हातांनी कापड ताणून धरलं, आणि त्यांनी पुढच्या चांदणीत सुई घातली.